न्यूट्रल म्हणजे विश्रांति नव्हे

मराठवाड्यांतील कोणत्याहि हमरस्त्यावर घटकाभर उभें राहिलें तर ‘टोचन’ हा शब्द कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. बंद पडलेली गाडी दोरानें, सांखळीनें किंवा क्रेनच्या हुकास अडकवून दुसऱ्या गाडीमागें ओढून नेणें, याला आमच्याकडे गाडी ‘टोचन करून नेणें’ म्हणतात. कोणास वाटेल कीं या शब्दाचा संबंध मराठी ‘टोचणें’ या क्रियापदाशीं असावा. पण तसा तो दिसत नाहीं. ओढण्याच्या सांखळीला इंग्रजींत जे ‘टो चेन’ असे दोन शब्द आहेत, त्यांचाच हा ड्रायव्हर-क्लीनर मंडळींच्या मुखांत झिजलेला अपभ्रंश असावा. शब्द परका खरा. पण ती क्रिया आतां इतकी घरची झाली आहे, कीं तींत कांहीं शिकण्यासारखें असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. दोर बांधावा, गिअर न्यूट्रलमध्यें टाकावा आणि निघावें, एवढेंच शास्त्र सर्वांस ठाऊक असतें. तें अपुरें आहे. आणि त्याचा न शिकलेला भाग कुटुंबाच्या चरितार्थावर, प्रसंगीं घरच्या माणसाच्या जिवावरहि, येऊं शकतो. म्हणून या महिन्यांत आम्ही त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

कुटुंबाच्या मासिकांत हा विषय कशाला, असें एखादी वाचक भगिनी विचारील. त्याचें उत्तर तिच्या आप्तांच्या दारांतच उभें असण्याचा संभव आहे. आपल्या घरांतील मुलगे आतां केवळ कचेऱ्यांत आणि शाळांतच जातात असें नाहीं. कोणी बी-बियाण्यांचें दुकान घातलें आहे, कोणी दुधाचा धंदा करतो, कोणी मंगल कार्यालयांस सामान पुरवितो, तर कोणी स्वतःच्या शेतांतील तूर आणि सोयाबीन लातूरच्या अडतीवर नेऊन घालतो. या सर्वांच्या दारीं एक पिकअप असते आणि ती बहुधा कर्जाऊ घेतलेली असते. गाडी बंद पडली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाहीं. अशा वेळीं रात्रीं दहा वाजतां फोन येतो, घरांतील सर्व मंडळी भोंवतीं जमतात, आणि काय करावें याचा निर्णय गाडीच्या पोटांत काय असतें हें ठाऊक नसलेल्या माणसांस घ्यावा लागतो. त्या निर्णयाच्या उपयोगी पडावें एवढाच आमचा हेतु आहे.

प्रसंग डोळ्यांपुढें असावा म्हणून असें समजूं, कीं गाडी नांदेडास बंद पडली आहे आणि घर व नेहमींचा मिस्त्री लातुरास आहे. मधला रस्ता लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर असा, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वरून, सुमारें १४० किलोमीटरांचा. वाटेंत बालाघाटाच्या माथ्यावरचे चढउतार आहेत. मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरली असली, तर घोडे, उंट, गाढवें, बैल आणि माणसें यांची गर्दी थेट रस्त्यापर्यंत येते. अशा वाटेनें मेलेलें इंजिन घेऊन गाडी न्यावयाची आहे.

आतां, ओढणें ही क्रियाच वाईट असें मात्र नव्हे. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत लातूर शहर पाण्यावांचून तळमळत असतां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोणी विसरलें नसेल. एप्रिलच्या १२ तारखेस पहिली गाडी आली, तेव्हां तिच्या १० टाक्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. आणि तें सुमारें साडेतीनशें किलोमीटर ओढून आणलेलें होतें. त्या टाक्यांना स्वतःचें इंजिन कोठें होतें? मग त्यांचें कांहीं कसें बिघडलें नाहीं? याचें कारण हें, कीं रेल्वेची वाघीण ही ओढली जाण्यासाठींच जन्मास आलेली असते. तिच्या चाकांचीं बेअरिंगें ग्रीस भरून बंद केलेलीं असतात, म्हणजे तिचें वंगण तिच्याजवळच असतें. तसेंच, पुढच्या इंजिनापासून निघालेली हवेची नळी प्रत्येक वाघिणीच्या ब्रेकपर्यंत पोंचलेली असते, म्हणजे थांबण्याची शक्तिहि तिला मिळत राहते. पिकअपची गोष्ट याच्या अगदीं उलट. तिच्या गिअरबॉक्सचें वंगण आणि तिच्या ब्रेकचा जोर, या दोन्ही गोष्टी तिच्या स्वतःच्या चालू इंजिनावर अवलंबून असतात. इंजिन बंद झालें कीं दोन्ही नाहींशा होतात. पुढें जें कांहीं सांगावयाचें आहे तें सर्व या दोन गोष्टींतूनच निघतें.

प्रथम वंगण पाहूं. ज्यांनीं लहानपणीं बैलगाडीचा प्रवास केला आहे त्यांस गाडीच्या बुडाशीं टांगलेली वंगणाची नळी आठवत असेल. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान उतरत असे आणि आंसाला वंगण देत असे. आंसाला संस्कृतांत ‘अक्ष’ म्हणतात, आणि मिस्त्री ज्याला ‘एक्सल’ म्हणतात तो इंग्रजी शब्दहि त्याच प्राचीन कुळांतील आहे. शब्दांचें कूळ एक, तसा नियमहि एकच: जेथें लोखंडांत लोखंड फिरतें तेथें स्निग्ध पदार्थ पाहिजे. गाडीवानाला तो हातानें द्यावा लागे. मोटारींत तो आपोआप मिळतो. पण ‘आपोआप’ म्हणजे कसा, हें समजून घेतलें पाहिजे.

हातानें गिअर बदलण्याच्या गाडींतील गिअरबॉक्स म्हणजे एक बंद लोखंडी पेटी. तिच्या तळाशीं तेल असतें. वरच्या अंगास एका रेषेंत दोन दांडे असतात. एक इंजिनाकडून क्लचच्या द्वारें आलेला, आणि दुसरा मागच्या चाकांकडे जाणारा. या दोहोंच्या खालीं तिसरा दांडा असतो व त्याचे दांते तेलांत बुडालेले असतात. इंजिनाकडील दांडा या खालच्या दांड्यास दांत्यांनीं कायमचा जोडलेला असतो. त्यामुळें इंजिन चालू असलें, कीं गाडी न्यूट्रलमध्यें जागच्या जागीं उभी असली तरी, खालचा दांडा फिरत राहतो आणि रहाटगाडग्यानें विहिरींतील पाणी उपसावें त्याप्रमाणें तळाचें तेल वर उडवितो. वरच्या बेअरिंगांचा योगक्षेम या उडालेल्या तेलावर चालतो.

आतां इंजिन बंद आहे, गिअर न्यूट्रलमध्यें आहे आणि गाडी ओढली जात आहे, असें पाहा. आमच्या भागांत मालवाहतुकीसाठीं वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांस मिळते. तीं मागचीं चाकें रस्त्यावर फिरूं लागलीं कीं शक्तीचा ओघ उलटा वाहूं लागतो. चाकें एक्सलला फिरवितात, एक्सल मधल्या लांब प्रॉपेलर शाफ्टला फिरवितो, आणि तो शाफ्ट गिअरबॉक्समधील मागच्या दांड्यास फिरवितो. तेथून पुढें मात्र न्यूट्रल आडवें येतें. फिरणें खालच्या दांड्यापर्यंत पोंचत नाहीं. रहाट थांबलेला आणि तेल तळाशीं निपचित पडलेलें. वरचा दांडा तेवढा, त्याच्यावर मोकळ्या बसलेल्या व जागीं थांबलेल्या गिअरांच्या पोटांतून, गरगर फिरत राहतो. गाडी ताशीं ५० किलोमीटरांनीं ओढली जात असेल तर त्याचे फेरे मिनिटाला हजारांहून अधिक होतात. चार-दोन किलोमीटर अंगच्या ओलाव्यावर निभावतें. पुढें तो ओलावा संपतो, धातु तापतो, बेअरिंगें करपतात, आणि कधीं कधीं दांडा गिअरांस चिकटून बसतो. बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. गाडी न्यूट्रलमध्यें आहे, म्हणजे ती विसांवा घेत आहे, असेंच त्याला वाटतें. वास्तविक तिचा एक अवयव उपाशीपोटीं राबत असतो.

कोणी चतुर म्हणेल, ‘मग गिअर टाकून क्लच दाबून धरूं, म्हणजे खालचाहि दांडा फिरेल.’ ही युक्ति अधिक घातक आहे. तीन-चार तास क्लच दाबून धरणें मनुष्याच्या पायास शक्य नाहीं. पाय निसटला तर बंद इंजिनाला एकदम हिसका बसून मागचीं चाकें अडतील. खालचा गिअर चुकून पडलेला असला तर क्लचची तबकडी अशा वेगानें फिरेल कीं तिच्या चिंधड्या व्हाव्या. तेव्हां हा मार्ग मनांतूनच काढून टाकावा.

येथें क्रेनविषयीं सांगणें अवश्य आहे. कारण दोरापेक्षां क्रेन केव्हांहि सुरक्षित, अशी सर्वांची समजूत असते. क्रेनवाला येतो, पिकअपचें पुढचें अंग उचलतो आणि चालूं लागतो. स्टिअरिंगचीं चाकें अधांतरीं असल्यानें आंत कोणी बसावें लागत नाहीं. मनुष्याच्या दृष्टीनें हें बरेंच बरें. परंतु मागचीं, म्हणजे नेमकीं शक्तीचीं चाकें, रस्त्यावरच राहतात. आणि क्रेन दोरापेक्षां वेगानें जात असल्यानें गिअरबॉक्सचा नाश उलट लवकर होतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची गाडी अशाच रीतीनें दूरवरून घरीं आली. मूळचा बिघाड सेल्फचा, एका दुपारच्या कामाचा. तो दुरुस्त झाला. पण चार दिवसांनीं गिअरबॉक्समधून घरघर ऐकूं येऊं लागली आणि मग सगळी पेटीच उतरवावी लागली. हंगामाचे तीन आठवडे गाडी ओट्यासमोर उभी होती. ओढून नेण्यांत चूक झाली हें त्यांस कोणी सांगितलेंहि नाहीं. ‘गाडीचाच माल वाईट’ असा निकाल घरांत झाला होता.

तर मग करावें काय? सर्वांत आधीं हा प्रश्न विचारावा, कीं गाडी दूर न्यावयासच पाहिजे काय? नांदेड हें कांहीं खेडें नव्हे. सेल्फ, बॅटरी, डिझेलची नळी किंवा पट्टा एवढ्यापुरताच बिघाड असेल तर तो तेथेंच दुरुस्त करून गाडी आपल्या पायांनीं घरीं आणावी. आपला मिस्त्री ओळखीचा आहे आणि उधार ठेवतो, एवढ्याचसाठीं १४० किलोमीटर गाडी ओढणें म्हणजे चार आण्याच्या कोंबडीस बारा आण्याचा मसाला होय. इंजिनच उतरवावयाचें असेल किंवा अपघाताचें मोठें काम असेल, तरच दूरचा विचार करावा.

दूर न्यावयाचीच असेल तर उत्तम, मध्यम आणि निर्वाहाचा असे तीन मार्ग आहेत. उत्तम मार्ग म्हणजे संबंध गाडीच सपाट पाट्याच्या वाहनावर चढवून नेणें. चारहि चाकें रस्त्यापासून सुटलीं, कीं गिअरबॉक्स, ब्रेक आणि स्टिअरिंग या तिन्हींची चिंता मिटते. मात्र वर चढविलेली गाडी घट्ट बांधली आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला आणि चाकांस पुढून-मागून अडसर लावलेले असावे. पट्टे चाकांवरून किंवा चेसिसवरून घेतलेले असावे, बंपरवरून नव्हे. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एकदां थांबून पट्टे सैल झाले नाहींत ना, हें पाहावें. भाडें अधिक पडतें खरें. पण तें एका नव्या गिअरबॉक्सच्या किंमतीशीं ताडून पाहिलें म्हणजे अधिक वाटत नाहीं.

मध्यम मार्ग म्हणजे क्रेननें गाडीचें मागचें अंग उचलणें. शक्तीचीं चाकें अधांतरीं असलीं कीं गिअरबॉक्स निर्धास्त. मात्र अशा वेळीं पुढचीं चाकें सरळ ठेवून स्टिअरिंग पट्ट्यांनीं पक्कें बांधलें पाहिजे. किल्ली काढल्यावर स्टिअरिंगला जें आंतलें कुलूप पडतें, त्यावर एवढा भार टाकूं नये. तें चोरासाठीं केलेलें आहे, लांबच्या प्रवासासाठीं नव्हे. चारहि चाकांस शक्ति देणारी गाडी असेल तर हा मार्गहि बंद. तिला पाट्यावरच चढवावी.

निर्वाहाचा मार्ग असा. मागचीं चाकें रस्त्यावर ठेवावींच लागत असतील तर चाकें आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तोडून टाकावा. म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट उतरवून घ्यावा. मागच्या एक्सलमधील मोठें दांतेरी चक्र स्वतः तेलांत बुडून फिरत असतें, म्हणून त्याला गिअरबॉक्सप्रमाणें उपाशी राहावें लागत नाहीं. न्यायशास्त्रांत एक ‘सूचीकटाहन्याय’ आहे. लोहाराकडे एकानें सुई आणि दुसऱ्यानें कढई करावयास सांगितली, तर तो आधीं सुई करून देतो. थोडक्यांत होणारें काम आधीं उरकावें, हा त्याचा अर्थ. शाफ्ट उतरविणें ही सुई आहे, आणि गिअरबॉक्स उघडणें ही कढई. सुई टाळली तर कढई गळ्यांत पडते.

हें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें, पण तें करतांना घरच्या माणसानें चार गोष्टींवर लक्ष ठेवावें. पहिली ही, कीं गाडीखालीं कोणी शिरण्यापूर्वीं हँडब्रेक ओढून चाकांस पुढून व मागून दगड लावलेले असावे. कारण शाफ्ट सुटतांच टाकलेला गिअर गाडीस धरून ठेवीत नाहीं, आणि उतारावर ती खालच्या माणसावरून जाऊं शकते. दुसरी, सोडण्यापूर्वीं सांध्याच्या दोन्ही बाजूंस रंगाची रेघ मारावी, म्हणजे पुन्हां जोडतांना शाफ्ट जसा होता तसाच बसेल. अन्यथा गाडी थरथरते. तिसरी, शाफ्टचें पुढचें टोंक गिअरबॉक्समधून सरकून बाहेर येणाऱ्या जातीचें असेल तर तें भोंक नीट बंद करावें, नाहींतर सगळें तेल वाटेवर गळेल. चौथी आणि महत्त्वाची, शाफ्ट पुरता काढून हौद्यांत ठेवावा आणि त्याचे बोल्ट पिशवींत घालून ठेवावे. अर्धवट सोडलेला शाफ्ट तारेनें वर बांधून ठेवण्याची चाल कोठें कोठें दिसते. ती तार वाटेंत तुटली, तर शाफ्टचें टोंक रस्त्यांत रुतून गाडी उचलून फेंकील.

कांहीं गाड्यांचे निर्माते थोडें अंतर, थोड्या वेगानें, न्यूट्रलमध्यें ओढण्यास मुभा देतात. कांहीं देत नाहींत. तें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. आपल्या घरीं ही पुस्तिका बहुधा पहिल्या दिवशींच्या हार-नारळाबरोबर कोठें तरी ठेवलेली असते. ती शोधून गाडींत ठेवावी आणि तिची आज्ञा आमच्या सांगण्याहून श्रेष्ठ मानावी.

आतां दुसरी गोष्ट, ब्रेकची. आणि येथें प्रश्न पैशाचा राहत नाहीं. दोरानें ओढलेल्या गाडींत कोणाला तरी बसावेंच लागतें, आणि तो बसणारा बहुधा घरचाच मुलगा असतो. ‘तुला काय, नुसतें स्टिअरिंग धरून बसावयाचें’ असें त्याला सांगितलें जातें. इंजिन बंद असतां ब्रेकला जोर देणारी निर्वात पेटी दोन-एक वेळां पाय दाबला कीं रिती होते, आणि त्यानंतर तेंच पॅडल दगडासारखें कठीण लागतें. ब्रेक नाहींसा होत नाहीं. पण त्याला सर्वांगाचा भार द्यावा लागतो. स्टिअरिंगहि तितकेंच जड होतें. आणि किल्ली काढून खिशांत टाकली, तर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग कुलूपबंद होऊन गाडी सरळ खड्ड्यांत जाईल. म्हणून किल्ली लावलेली व स्टिअरिंग मोकळें, हें निघण्यापूर्वीं तपासलें पाहिजे.

आमच्या जुन्या संवयीप्रमाणें थोडें गणित करून पाहूं. १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांत ओढण्याविषयीं स्पष्ट कलम होतें. बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढावी. तिच्या स्टिअरिंगवर परवानाधारक मनुष्य असावा, किंवा तिचीं पुढचीं चाकें उचललेलीं असावीं. दोन गाड्यांमधील अंतर ५ मीटरांहून अधिक नसावें. आणि वेग ताशीं २४ किलोमीटरांहून अधिक नसावा. या नियमांची जागा २०१७ सालीं नव्या विनियमांनीं घेतली, तरी त्या आंकड्यांतील शहाणपण जुनें झालेलें नाहीं. ताशीं २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें पावणेसात मीटर. पुढची गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागीं थांबली, तर ५ मीटरांचें अंतर संपावयास पाऊण सेकंद पुरे. पाहून, उमजून, पाय ब्रेकवर नेण्यास सावध माणसालाहि साधारण तेवढाच वेळ लागतो. वेग ५० असेल तर तोच अवकाश सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे पाय उचलेपर्यंत आघात झालेला असतो. पावणेदोन टनांची गाडी, कठीण पडलेला ब्रेक, आणि समोर ट्रकचा लोखंडी पाठभाग. ‘नुसतें स्टिअरिंग धरून बसणें’ तें हें.

त्याच हिशेबानें, नियमाच्या वेगानें नांदेडाहून लातूर गांठण्यास पावणेसहा तास लागतील. आणि तेवढा वेळ एका मनुष्यानें समोरच्या दोरावरून दृष्टि न हलवितां बसावें लागेल. हें होणें नाहीं. तो थकणार, पुढचा उतावीळ होऊन वेग वाढविणार, आणि महामार्गावरील भरधाव वाहनें मागून येणार. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें जवळचें गॅरेज होतें, दूरचें लातूर नव्हतें. म्हणून आमचें मत निश्चित आहे: दोरानें ओढणें हें रस्त्याच्या मध्यांतून बाजूस किंवा फार तर जवळच्या गांवापर्यंत, दूरच्या प्रवासास दोर मुळींच नको.

त्या थोड्या अंतरापुरतींहि पथ्यें आहेत. दोरापेक्षां लोखंडी दांडा बरा. तो अंतर कायम राखतो. दोर किंवा दांडा चेसिसच्या ओढण्याच्या हुकालाच अडकवावा. बंपरला नको, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांना तर कधींच नको. मध्यें लाल फडकें बांधावें, मागें पाटी असावी, लुकलुकणारे दिवे चालू ठेवावे. हौदा रिकामा करावा आणि त्यांत कोणासहि बसूं देऊं नये. दोर ताणला जात असतां त्याच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. तुटलेला दोर चाबकाप्रमाणें येतो. मागच्यानें उतारावर हलका ब्रेक ठेवून दोर ताणलेला राखावा. रात्रीं, पावसांत आणि यात्रेच्या गर्दींत हा उद्योग करूंच नये. गाडी महामार्गाच्या मध्यें अडकली असेल तर राष्ट्रीय महामार्गांसाठीं १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. त्यावर आधीं फोन करावा. तसेंच विम्याच्या कागदांत वाटेवरील मदतीचें कलम घेतलेलें आहे कीं नाहीं, हें गाडी धड असतांनाच पाहून ठेवावें; पुष्कळदां त्याचे पैसे भरलेले असतात आणि घरांत कोणास पत्ताहि नसतो.

शेवटीं, फोन आला असतां घरच्यांनीं काय विचारावें तें सांगतों. प्रथम, ‘तूं रस्त्यापासून दूर उभा आहेस ना?’ नंतर, ‘बिघाड तेथेंच निघण्यासारखा आहे काय?’ नसेल तर, ‘नेतांना कोणतीं चाकें रस्त्यावर टेकणार?’ मागचीं टेकणार असें उत्तर आलें तर, ‘शाफ्ट काढला काय?’ आणि शेवटीं, ‘आंत कोण बसणार?’ या पांच प्रश्नांस यंत्रविद्या लागत नाहीं. घरांतील आजीलाहि ते विचारतां येतील. क्रेनवाला घाई करील, ‘आम्ही रोज नेतों, कांहीं होत नाहीं’ असेंहि म्हणेल. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. गिअरबॉक्स घरघरूं लागतो तेव्हां तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. पण ज्यांचा हप्ता चालू आहे आणि ज्यांचा मुलगा स्टिअरिंगवर बसावयाचा आहे, त्यांनीं हे पांच प्रश्न एका कागदावर लिहून तो गाडीच्या पुस्तिकेंत ठेवून द्यावा. आणि शेवटच्या प्रश्नास ‘मीच बसतों, काळजी करूं नका’ असें उत्तर आलें, तर गाडी रात्रभर जवळच्या पंपावर उभी करून मुलास मिळेल त्या बसनें घरीं बोलवावें. गाडी सकाळीं आणतां येते.